ॲट्रोपिन किती तास पुरेल? रात्रपाळीच्या औषध विभागातील एका विषबाधेचे प्रकरण

हे प्रकरण विदर्भातील कापूस आणि तुरीच्या पट्ट्यात असलेल्या, सुमारे शंभर खाटांच्या एका धर्मादाय रुग्णालयातील आहे. रात्री आठ ते सकाळी आठ या पाळीत संपूर्ण रुग्णालयासाठी एकच औषधनिर्माता असतो आणि त्या रात्री ते काम माझ्याकडे होते. बाह्यरुग्णांची खिडकी, वॉर्डांतून येणारे इंडेंट (औषधांची मागणीपत्रे), अतिदक्षता विभागाची औषधे, शीतकपाटाच्या तापमानाची नोंद आणि भांडाराची किल्ली हे सर्व त्या एका माणसाच्या हाती असते. ठोक विक्रेता सकाळी दहानंतर माल देतो, त्यामुळे रात्री जे कपाटात आहे तेवढ्यावरच पहाट गाठावी लागते. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव आणि तारीख येथे दिलेली नाही. औषधांच्या मात्रा, वेळा आणि साठ्याचे आकडे मात्र तपशिलाने दिले आहेत, कारण या प्रकरणात जे काही शिकण्यासारखे आहे ते त्या आकड्यांतच आहे.

रुग्ण चाळिशीतील शेतकरी, वजन अंदाजे ६० किलो. दिवाळी नुकतीच झाली होती आणि हरभऱ्याला ओलित करण्यासाठी, शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येत असल्यामुळे, तो शेतात मुक्कामी होता. दुपारी तुरीवर फवारणी करून उरलेले कीटकनाशक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून झोपडीत ठेवलेले होते. अंधारात त्याने तीच बाटली तोंडाला लावली आणि चव कळेपर्यंत एक मोठा घोट पोटात गेला. भावाने त्याला रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी अपघात विभागात आणले, तेव्हा घोट घेतल्याला साधारण दीड तास झाला होता. उलट्या, दरदरून घाम, तोंडातून सतत येणारा फेस, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, दोन्ही फुफ्फुसांत घरघर, नाडी ५२, रक्तदाब ८४/५० आणि ऑक्सिजनचे प्रमाण ८२ टक्के, अशी त्याची अवस्था होती. ऑर्गनोफॉस्फेट या वर्गातील कीटकनाशकांच्या विषबाधेचे हे ठळक चित्र आहे. हे विष ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला निकामी करते, त्यामुळे चेतातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन साठत जाते आणि रुग्ण स्वतःच्याच स्रावांत गुदमरू लागतो. हे स्राव थांबवणारे औषध म्हणजे ॲट्रोपिन. ते जुने आहे, स्वस्त आहे आणि जवळपास प्रत्येक दवाखान्यात असते. अडचण त्याच्या असण्यानसण्याची नव्हती. ते किती आहे, हा प्रश्न होता.

पहिली चिठ्ठी माझ्याकडे ११ वाजून ५४ मिनिटांनी आली. तिच्यावर ‘इंजेक्शन ॲट्रोपिन १०’ एवढेच लिहिलेले होते. शस्त्रक्रियागृहासाठी दहा ॲम्प्यूलची मागणी नेहमीची असते, पण अपघात विभागातून मध्यरात्री आलेल्या अशा मागणीचा अर्थ वेगळा असतो. चिठ्ठी घेऊन आलेल्या मामांना थांबवून मी अपघात विभागात फोन लावला. सिस्टरांनी सांगितले की रुग्णाने औषध प्यायले आहे, १.८ मि.ग्रॅ. आणि नंतर ३.६ मि.ग्रॅ. अशा दोन मात्रा देऊन झाल्या आहेत आणि छाती अजून भरलेलीच आहे. आमच्याकडे एका ॲम्प्यूलमध्ये १ मि.लि. द्रावणात ०.६ मि.ग्रॅ. ॲट्रोपिन असते. म्हणजे पहिल्या मात्रेला तीन आणि दुसरीला सहा ॲम्प्यूल लागल्या होत्या, आणि अपघात विभागाच्या ट्रॉलीतील दहापैकी एकच उरली होती.

मात्रा दर पाच मिनिटांनी दुप्पट करत नेण्याची ही पद्धत मनाने ठरवलेली नाही. बांगलादेशात झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५६ रुग्णांवर दोन पद्धती ताडून पाहिल्या गेल्या. ठरावीक मात्रा पुन्हा पुन्हा देण्याच्या जुन्या पद्धतीत मृत्यूचे प्रमाण २२.५ टक्के होते, तर मात्रा चढवत नेऊन नंतर सतत थेंबमार्ग चालू ठेवण्याच्या पद्धतीत ते ८ टक्के होते. जुन्या पद्धतीत रुग्णाला पुरेसे ॲट्रोपिन पोहोचायला सरासरी अडीच तास लागत होते, नव्या पद्धतीत सुमारे २४ मिनिटे. या फरकात वेगाचा मोठा वाटा असतो, आणि हा वेग औषध खोलीतून किती ॲम्प्यूल किती वेळात निघतात यावर थेट अवलंबून असतो. ज्या डॉक्टरांना दुप्पट मात्रा द्यायची आहे त्यांच्या हाताशी जर दहाच्याच हिशेबाने माल येत राहिला, तर पद्धत कागदावर नवी आणि खाटेशी जुनीच राहते.

म्हणून मागणी दहाची असली तरी मी चाळीस ॲम्प्यूल घेऊन स्वतः अपघात विभागात गेले. तिसरी मात्रा ७.२ मि.ग्रॅ., म्हणजे बारा ॲम्प्यूल. चौथी १४.४ मि.ग्रॅ., म्हणजे चोवीस. येथे एक अडचण उभी राहते, जिची चर्चा पुस्तकांत फारशी सापडत नाही. काचेच्या चोवीस ॲम्प्यूल फोडून त्यांतील एकेक मिलिलिटर औषध सिरिंजमध्ये ओढायला एका माणसाला सहज चार-पाच मिनिटे लागतात, म्हणजे दोन मात्रांमधील सगळा वेळ त्यातच जातो. त्या वेळी दोन सिस्टर होत्या. एक रुग्णाचा श्वसनमार्ग ओढून साफ करत होती, दुसरी शीर सांभाळत होती. औषध ओढण्याचे काम मी घेतले. काचेचे कण जाऊ नयेत म्हणून गाळणी असलेल्या सुया वापरल्या, प्रत्येक सिरिंज भरताच तिच्यावर औषधाचे नाव, मिलिग्रॅम आणि वेळ लिहिली, आणि रिकाम्या ॲम्प्यूल एका ट्रेमध्ये मांडून ठेवल्या, जेणेकरून किती दिले याचा हिशेब गोंधळातही डोळ्यांसमोर राहावा. तेवढा वेळ बाह्यरुग्णांची खिडकी बंद होती. खिडकीशी दोन नातेवाईक उभे होते. त्यांच्या चिठ्ठ्या पाहून, त्यांत तातडीचे काही नाही याची खात्री करून मी त्यांना थांबायला सांगितले आणि अतिदक्षता विभागाला मी कोठे आहे ते कळवले. एकट्या औषधनिर्मात्याने भांडार सोडावे का, हा वादाचा मुद्दा आहे. माझे मत असे की अशा वेळी सोडावे, पण कुलूप लावून आणि कळवून.

१२ वाजून ४ मिनिटांनी चौथी मात्रा गेली. काही मिनिटांतच छाती मोकळी ऐकू येऊ लागली, नाडी ९६ झाली, वरचा रक्तदाब १०० च्या वर गेला आणि काखेतील घाम सुकला. बाहुल्या अजून लहानच होत्या, पण त्या सर्वात शेवटी बदलतात आणि त्यांच्यासाठी ॲट्रोपिन वाढवत नेणे योग्य नसते. एकूण २७ मि.ग्रॅ., म्हणजे ४५ ॲम्प्यूल लागल्या होत्या.

याच काळात आणखी दोन गोष्टी घडल्या, ज्या औषधनिर्मात्याच्या कामाच्या दृष्टीने मला महत्त्वाच्या वाटतात. श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी चालू असताना सक्सिनिलकोलिनची मागणी झाली. हे स्नायू शिथिल करणारे औषध एरवी काही मिनिटांत उतरते, कारण रक्तद्रवातील कोलिनेस्टरेज त्याचे विघटन करते. ऑर्गनोफॉस्फेटने तेच विकर निकामी केलेले असल्यामुळे अशा रुग्णात त्याचा परिणाम कित्येक तास रेंगाळू शकतो. मी हे भूलतज्ज्ञ मॅडमना सांगितले, त्यांनी लगेच होकार दिला आणि त्याऐवजी शीतकपाटातील रोक्युरोनियम हे स्नायू शिथिल करणारे दुसरे औषध वापरले गेले. त्यांना ही गोष्ट ठाऊक नव्हती असे अजिबात नाही. नळी घालण्याच्या नेहमीच्या संचात सक्सिनिलकोलिन ठेवलेले असते आणि धावपळीत हात सवयीने त्याच्याकडे जातो. दुसरी गोष्ट विष नेमके कोणते याची. भावाने बाटली आणली होती, पण तिच्यावर पाण्याच्या कंपनीचे नाव होते. घरच्यांना फोन करून मूळ डब्याचा, त्यावरील लेबल स्पष्ट दिसेल असा फोटो मागवला. क्लोरपायरीफॉस ५० टक्के आणि सायपरमेथ्रिन ५ टक्के असे ते मिश्रण होते. लेबलाचा फोटो रुग्णपत्रिकेला जोडला आणि बाटली वैद्यकीय-कायदेशीर नोंदीसाठी सीलबंद करून ठेवण्यात आली. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास चालू असते. तेथे फोन करून मिश्रणातील सायपरमेथ्रिनमुळे उपचारात काही बदल करावा लागेल का, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारून घेतले. झटक्यांवर लक्ष ठेवावे आणि ॲट्रोपिन स्रावांच्याच आधारे ठरवावे, असा सल्ला मिळाला.

क्लोरपायरीफॉस हे नाव कळणे साठ्याच्या दृष्टीनेही मोलाचे होते. ते चरबीत विरघळते आणि शरीरातून सावकाश बाहेर येत राहते. सुरुवातीला सावरलेला रुग्ण काही तासांनी पुन्हा बिघडू शकतो. म्हणजे पहाटेपर्यंत लागणारे ॲट्रोपिन केवळ आताच्या गतीवरून काढून चालणार नव्हते.

आता साठ्याचे गणित. संध्याकाळी इमारतीत एकूण ११६ ॲम्प्यूल होत्या: भांडारात ८६, आणि अपघात विभाग, अतिदक्षता विभाग व शस्त्रक्रियागृह यांच्या ट्रॉलींत प्रत्येकी दहा. ४५ वापरल्यानंतर ७१ उरल्या. अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृहातील वीस ॲम्प्यूलना हात लावायचा नाही असे मी ठरवले, कारण भुलेखाली नाडी मंदावलेल्या दुसऱ्या एखाद्या रुग्णाला त्यातील एकच ॲम्प्यूल वाचवू शकते. म्हणजे या रुग्णासाठी ५१ राहिल्या. रुग्ण स्थिर होईपर्यंत जेवढे ॲट्रोपिन लागले त्याच्या १० ते २० टक्के मात्रा दर तासाला सिरिंज पंपातून द्यायची असते. डॉक्टरांनी २० टक्के धरले, म्हणजे तासाला ५.४ मि.ग्रॅ., म्हणजेच ९ मि.लि., म्हणजेच तासाला नऊ ॲम्प्यूल. १२ वाजून १० मिनिटांनी पंप सुरू झाला. ५१ ला ९ ने भागले की पाच तास आणि चाळीस मिनिटे येतात. पहाटे ५ वाजून ५० मिनिटांनी ॲट्रोपिन संपणार होते आणि पुढचा माल सकाळी साडेदहाच्या आधी येणार नव्हता. मी ही वेळ कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली. ‘स्टॉक कमी आहे’ या वाक्याने कोणी हलत नाही, कारण रात्री ते वाक्य रोजच ऐकू येते. ‘५ वाजून ५० मिनिटांनी संपेल’ असे लिहिल्यावर त्याच क्षणी फोन सुरू झाले.

१२ वाजून ३५ मिनिटांनी सव्वीस किलोमीटरवरील तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात फोन केला. तेथील रात्रपाळीच्या डॉक्टरांनी पन्नास ॲम्प्यूल उसन्या देण्याची तयारी दाखवली, मात्र लेखी मागणीपत्र हवे असे सांगितले, आणि ते रास्तच होते. सरकारी भांडारातील माल तोंडी सांगण्यावर बाहेर गेला तर दुसऱ्या दिवशी तिथल्या औषधनिर्मात्याला उत्तर द्यावे लागते. पत्रात औषध, तीव्रता, संख्या, रुग्णाचा नोंदणी क्रमांक आणि परतफेडीची मुदत लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही व शिक्का घेतला. त्याच गावातील एका खासगी रुग्णालयाने सहा कुप्या देऊ केल्या. त्या १० मि.लि.च्या होत्या आणि त्यांची तीव्रता १ मि.लि.मध्ये १ मि.ग्रॅ. होती. आमच्या ठोक विक्रेत्यांना घरी फोन केला, त्यांनी झोपेतून उठून गोदाम उघडण्याची तयारी दाखवली, पण त्यांच्याकडे वीसच ॲम्प्यूल शिल्लक होत्या. ॲट्रोपिनवर नफा जवळपास नसतो, त्यामुळे खासगी व्यापारात त्याचा मोठा साठा कोणी ठेवत नाही. त्या वीस आम्ही सकाळसाठी राखून ठेवायला सांगितल्या. रुग्णालयाची गाडी १ वाजून २० मिनिटांनी निघाली.

या मधल्या वेळेत प्रॅलिडॉक्सिमचा प्रश्नही सोडवायचा होता. हे औषध विषाने बांधलेले विकर पुन्हा मोकळे करते, निदान तसे अपेक्षित असते. क्लोरपायरीफॉसच्या बाबतीत ही बांधणी पक्की व्हायला तुलनेने जास्त तास लागतात, म्हणून ते देण्यात अर्थ होता. आमच्याकडे १ ग्रॅमच्या बारा कुप्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे किलोमागे ३० मि.ग्रॅ., म्हणजे या रुग्णाला सुमारे २ ग्रॅम, अर्ध्या तासात थेंबाथेंबाने आणि मग तासाला किलोमागे ८ मि.ग्रॅ., म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, असे ठरले. उरलेले १० ग्रॅम वीस तास पुरणार होते. येथे महाराष्ट्रातील डॉक्टरांना परिचित असलेला एक अभ्यास आठवतो. बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलमध्ये २०० रुग्णांवर झालेला तो अभ्यास २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २ ग्रॅमनंतर तासाला १ ग्रॅम याप्रमाणे ४८ तास सतत प्रॅलिडॉक्सिम दिलेल्या रुग्णांना ॲट्रोपिन पुष्कळ कमी लागले आणि मृत्यूही कमी झाले. पण श्रीलंकेत २३५ रुग्णांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तासाला अर्धा ग्रॅम या दराने दिलेल्या प्रॅलिडॉक्सिमचा फायदा दिसला नाही. बारामतीच्या दराने चालायचे तर या एका रुग्णाला ५० कुप्या लागल्या असत्या. अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांनी हे दोन्ही निष्कर्ष लक्षात घेऊन अर्ध्या ग्रॅमचा दर कायम ठेवला. माझ्या दृष्टीने त्या रात्रीचा निर्णय स्पष्ट होता: गाडी एकच असेल आणि फोन करायला हात एकच असेल, तर आधी ॲट्रोपिन मागवावे, प्रॅलिडॉक्सिम नंतर. प्रॅलिडॉक्सिमच्या उपयोगाबद्दल अजून मतभेद आहेत. ॲट्रोपिनबद्दल नाहीत.

२ वाजून १५ मिनिटांनी, भीती होती तेच झाले. पंप चालू असतानाही छातीत पुन्हा घरघर ऐकू येऊ लागली आणि नळीतून फेसाळ स्राव यायला लागला. ३.६ मि.ग्रॅ.ची मात्रा देऊन पंपाचा वेग तासाला ९ वरून ११ मि.लि. करण्यात आला. मी पुन्हा हिशेब केला. तोवर पंपातून १९ ॲम्प्यूल गेल्या होत्या, सहा आता लागल्या, म्हणजे २६ उरल्या. तासाला अकरा या वेगाने त्या दोन तास आणि वीस मिनिटे पुरणार होत्या. सिरिंज आणि नळीत अडकून राहणारे औषध वजा केले तर पहाटे साडेचार. टेबलावरच्या कागदावर ५ वाजून ५० मिनिटे ही वेळ खोडून ४ वाजून ३० मिनिटे लिहिली. गाडी उशिरा आली तर काय, याचाही विचार तेव्हाच करून ठेवला. शस्त्रक्रियागृहात ग्लायकोपायरोलेट होते. ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे ॲट्रोपिनची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही, पण फुफ्फुसातील स्राव आणि मंदावलेली नाडी यांवर ते चालते आणि तासाभराची खिंड लढवू शकते. त्याच्या किती ॲम्प्यूल आहेत ते मोजून डॉक्टरांना सांगून ठेवले. ते वापरण्याची वेळ आली नाही.

गाडी ३ वाजून १० मिनिटांनी परतली. पन्नास ॲम्प्यूल आणि सहा कुप्या हाती आल्या आणि त्यासोबत या रात्रीतला सर्वात मोठा धोकाही आला. आमच्या पंपावर ११ मि.लि. हा आकडा ०.६ मि.ग्रॅ. तीव्रतेच्या औषधासाठी लावलेला होता. कुपीतील औषध तसेच सिरिंजमध्ये भरले गेले असते, तर त्याच आकड्यावर तासाला ६.६ ऐवजी ११ मि.ग्रॅ. ॲट्रोपिन गेले असते, म्हणजे पावणेदोन पटीजवळ. पंपाच्या पडद्यावर काहीही बदललेले दिसले नसते. बेशुद्ध, नळी घातलेल्या रुग्णात ॲट्रोपिनचा अतिरेक ओळखणे अवघड असते, कारण बडबड आणि सैरभैरपणा ही नेहमीची लक्षणे झाकली जातात.

यावर दोन उपाय होते. एक, नव्या तीव्रतेप्रमाणे पंपाचा वेग बदलणे. दुसरा, कुपीतील औषध पातळ करून जुन्याच तीव्रतेवर आणणे. मी दुसरा सुचवला आणि तोच स्वीकारला गेला. तीन कुप्यांतील ३० मि.लि.मध्ये ३० मि.ग्रॅ. ॲट्रोपिन असते. त्यात २० मि.लि. नॉर्मल सलाईन मिसळले की ५० मि.लि.मध्ये ३० मि.ग्रॅ. होते, म्हणजे बरोबर ०.६ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. पंपावरचा आकडा, सिस्टरांच्या डोक्यातला हिशेब आणि रुग्णपत्रिकेतील नोंद, यांपैकी काहीही बदलावे लागत नाही. सिरिंज मी औषध खोलीत तयार केली, अतिदक्षता विभागाच्या सिस्टरांनी कुप्यांची लेबले आणि हिशेब स्वतंत्रपणे तपासला आणि दोघींनी सह्या केल्या. उरलेल्या तीन कुप्या मी भांडारातच कुलपात ठेवल्या. अधूनमधून द्याव्या लागणाऱ्या मात्रांसाठी केवळ ०.६ मि.ग्रॅ.च्या ॲम्प्यूल खाटेजवळ पाठवल्या. एकाच औषधाच्या दोन तीव्रता एका खाटेजवळ कधीही एकत्र ठेवू नयेत, हे मी पहाटेच्या वेळी तर फारच आग्रहाने सांगेन. तीन वाजता माणूस लेबल वाचत नाही, तो बाटलीचा आकार ओळखतो.

सकाळी सहाच्या सुमारास रुग्णाला ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप आला, नाडी १३० झाली आणि पोटातील आवाज ऐकू येईनासे झाले. छाती कोरडी होती. ही ॲट्रोपिन जास्त झाल्याची लक्षणे होती. पंप पाऊण तास थांबवून तासाला ९ मि.लि.वर पुन्हा सुरू करण्यात आला. सकाळी आठ वाजता पाळी सोपवताना मी साठ्याच्या नोंदवहीत ॲम्प्यूलच्या संख्येशेजारी ‘सध्याच्या वेगाने अमुक वाजेपर्यंत’ अशी नोंद केली आणि उसन्या मालाचे बॅच क्रमांक व मुदत वेगळ्या पानावर लिहिली. साडेदहाला जिल्ह्याच्या ठिकाणाहून दोनशे ॲम्प्यूल आल्या.

रुग्ण सहाव्या दिवशी कृत्रिम श्वासोच्छ्वासावरून निघाला. मधल्या दिवसांत मानेच्या स्नायूंची ताकद रोज तपासली गेली, कारण पहिल्या एक ते चार दिवसांत स्राव थांबलेले असतानाही श्वसनाचे स्नायू लुळे पडू शकतात. अकराव्या दिवशी तो घरी गेला.

प्रकरणाचा आढावा घेताना आमच्या लक्षात आले की ११६ ॲम्प्यूल हा साठा कोणाच्या हलगर्जीपणामुळे कमी नव्हता. तो नियमाप्रमाणेच होता. महिन्याला सरासरी साठच्या आसपास ॲम्प्यूल लागत, त्यातील बहुतेक शस्त्रक्रियागृहात, आणि त्या सरासरीवरून फेरमागणीची पातळी शंभर ठरवलेली होती. पॅरासिटामॉल किंवा सलाईन यांच्यासाठी ही रीत उत्तम आहे. उताऱ्याच्या औषधांसाठी ती धोक्याची आहे, कारण ती औषधे महिनोन्‌महिने लागत नाहीत आणि मग एका रात्रीत दोन महिन्यांचा साठा मागतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्या हंगामात रुग्ण एकामागून एक येत होते. अशा प्रदेशातील रुग्णालयाने ॲट्रोपिनचा साठा मासिक सरासरीवरून ठरवावा, हे मला मान्य नाही.

आम्ही तो रुग्णांवरून ठरवला. एका गंभीर रुग्णाला सुरुवातीला ४५ आणि मग बारा तास तासाला नऊ धरल्या तर १५३ ॲम्प्यूल लागतात. रात्री दोन रुग्ण एकदम येऊ शकतात. म्हणून जुलैपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत ३०० ॲम्प्यूलची किमान पातळी ठेवण्याचा निर्णय औषध समितीने घेतला. मुदत संपून माल वाया जाईल, ही शंका लेखा विभागाने घेतली होती. ॲट्रोपिनची एक ॲम्प्यूल काही रुपयांना मिळते, आणि हंगाम संपल्यावर जास्तीचा माल जास्त शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयाला देऊन नवा घेता येतो, असे उत्तर आम्ही दिले आणि ते पटले. अपघात विभागात आता विषबाधेची वेगळी पेटी असते. तिच्यात पन्नास ॲम्प्यूल, गाळणीच्या सुया, मोठ्या सिरिंज आणि दुप्पट होत जाणाऱ्या मात्रांना किती ॲम्प्यूल लागतात याचा तक्ता आहे: तीन, सहा, बारा, चोवीस. पेटी उघडली की औषध विभागाला फोन करायचा, हा नियम झाकणावरच चिकटवला आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या पन्नास ॲम्प्यूल आठवड्याच्या आत परत केल्या, आणि रात्रीच्या उसनवारीसाठी दोन्ही रुग्णालयांनी मागणीपत्राचा एक छापील नमुना ठरवून घेतला, ज्यामुळे पत्र लिहिण्यात आणि सही-शिक्क्यासाठी थांबण्यात त्या रात्री गेलेली वीस-पंचवीस मिनिटे पुढच्या वेळी वाचतील.

रात्रीच्या मनुष्यबळाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. २०१५ च्या औषधव्यवसाय विनियमांनी रुग्णालयातील औषधनिर्मात्याचे काम औषध देण्यापुरते मर्यादित ठेवलेले नाही, रुग्णाच्या उपचारातील त्याचा सहभागही त्यांत मान्य केलेला आहे. पण त्या रात्री मी अपघात विभागात सिरिंज भरत असताना भांडाराला कुलूप होते, आणि त्या वेळात वॉर्डातून दुसरी तातडीची मागणी आली असती तर ती थांबली असती. फवारणीच्या महिन्यांत तरी रात्री दुसरा नोंदणीकृत औषधनिर्माता घरून बोलावता येईल असा असावा, असा प्रस्ताव आम्ही दिला आहे आणि त्यासोबत या रुग्णाच्या पहिल्या चार तासांचा, मिनिटांनुसार मांडलेला तक्ता जोडला आहे.